वामनवृक्षाची कसोटी

कऱ्हाडाहून विजापुराकडे जाणारा रस्ता धरिला म्हणजे कडेगांव मागें पडल्यावर झाडी विरळ होऊं लागते, दोहों बाजूंस माळ मोकळा दिसूं लागतो, आणि थोड्याच वेळांत विटा हें आमचें गांव लागतें. खानापूर तालुक्याचें हें मुख्य ठिकाण. पूर्वी तें सातारा जिल्ह्यांत मोडत असे. १९४९ सालीं दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा झाला तेव्हां तें त्यांत गेलें, आणि १९६० पासून त्या जिल्ह्यास सांगली हें नांव मिळालें. पाऊस या बाजूस नेहमींच हात आंखडून पडतो. केवळ शेतीवर पोट भरेना म्हणून येथील माणसें गलाईचा, म्हणजे सोनेंचांदी आटवून शुद्ध करण्याचा, धंदा घेऊन हिंदुस्थानभर पांगलीं. दूरच्या एखाद्या शहराच्या सराफकट्ट्यांत मराठी बोलणारा गलाईवाला भेटला, तर तो बहुधा विट्याचा किंवा आसपासच्या गांवचा असतो. मागें राहिलेल्यांपैकीं कित्येकांनीं यंत्रमाग घातले. अलीकडे टेंभू योजनेनें कृष्णेचें पाणी उपसून या भागांत आणिलें आहे. तरीही आमच्या पिढीच्या मनांतून दुष्काळ अद्याप गेलेला नाहीं.

अशा मुलखांत झाड ही शोभेची वस्तु समजली जात नाहीं. येथून जवळच देवराष्ट्र्यांच्या बाजूस सागरेश्वराच्या उजाड डोंगरांवर माणसांनीं हातांनीं लावून वाढविलेलें अरण्य आहे. १९८५ सालीं त्यास अभयारण्याचा दर्जा मिळाला. इतका झाडांचा सोस असलेल्या प्रदेशांतून मी ताटाएवढ्या कुंडींतील झाडाची हकीकत लिहावी, याचें वाचकांस नवल वाटेल. परंतु त्या लहानशा झाडानें आमच्या तेरा माणसांच्या घरास जें शिकविलें, तें मोठ्या वृक्षांनींही शिकविलें नव्हतें.

आमचें घर जुन्या वळणाचें आहे. पुढें ओसरी, मग माजघर, मागें पडवी आणि परसूं. माझ्या कैलासवासी थोरल्या बंधूंच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, घरांत वडील. तीन वर्षांपूर्वी धाकट्या चिरंजीवांचें लग्न झालें. दिवाळसण आटोपून सूनबाई माहेराहून परतल्या, तेव्हां त्यांनीं तेथील एका दुकानांतून एक वामनवृक्ष आणिला. वामनवृक्ष म्हणजे ज्यास आज सर्वत्र बोन्साय म्हणतात तो. सुरूसारखीं बारीक हिरवीं पानें, सुंदर वळण घेतलेलें खोड, निळी झिलईची कुंडी, मातीवर पांढरे गुळगुळीत खडे. “हें घरांतलेंच झाड आहे, याला कांहीं करावें लागत नाहीं,” असें सांगून दुकानदारानें अडीच हजार रुपये घेतले होते. नव्या सुनेनें आपल्या सांठविलेल्या पैशांतून सासरच्या घरासाठीं आणिलेली ही पहिली वस्तु. साहजिकच तिला मानाची जागा मिळाली. माजघरांत देवघराच्या शेजारीं फळीवर झाड बसलें.

पौषांत तें तांबूस पडलें. बोट लावावें तों पानें झडूं लागलीं. एके दिवशीं वहिनी सहज बोलून गेल्या, “एकेकीच्या हाताला यश नसतें, त्याला कोण काय करणार!” त्यांच्या मनांत दुष्टावा नव्हता, जुन्या बायका असें बोलतात. पण सूनबाई उंबऱ्याशीं उभ्या होत्या. त्यांनीं मुकाट्यानें कुंडी उचलून परसांत नेऊन ठेविली, आणि त्या दिवसापासून तुळशीस पाणी घालण्याचें कामही जावेवर सोंपविलें. मी ओसरीवर वर्तमानपत्र वाचीत होतों. सर्व ऐकूनही मी कांहीं बोललों नाहीं. आयुष्यभर मुलांना ‘खरें बोलावें’ म्हणून शिकविलें. परंतु खरें काय हें मलाच ठाऊक नव्हतें, आणि तें शोधून काढण्याची तसदीही मी घेतली नव्हती.

पुढें पंधरवड्यानें डोळे तपासून घेण्यासाठीं मला पुण्यास जावें लागलें. पहाटेची एस. टी. धरिली. कऱ्हाड, उंब्रज, सातारा ही वाट माझ्या तरुणपणीं दुतर्फा वडांच्या सावलींतून जात असे. महामार्ग रुंद होतां होतां त्यांतील बहुतेक वड गेले. साताऱ्याच्या पुढें पांचवड लागलें म्हणजे वैराटगडाच्या पायथ्याच्या म्हसवें गांवच्या वडाची आठवण होते. त्याचा विस्तार इतका प्रचंड, कीं एकोणिसाव्या शतकांत इंग्रज अधिकाऱ्यांनीं तो मोजून नोंदवून ठेविला. एकाच बीजाचा हा वड केवढा, आणि कुंडींतला वड केवढा, हा विचार खंबाटकीचा घाट चढेपर्यंत मनांत घोळत होता.

डोळ्यांचें काम दुपारीं आटोपलें. एम्प्रेस उद्यानांत पुष्पप्रदर्शन चालू असल्याचें समजलें. पश्चिम हिंदुस्थानच्या कृषि-उद्यान मंडळाकडून तें जानेवारींत भरत असतें. पूर्वी हें गोऱ्या शिपायांच्या विहाराचें उद्यान होतें. आज तेथील उंच जुनाट वृक्षांखालून चालतांना भर दुपारींही उन्हाची आठवण होत नाहीं. फुलांचे ताटवे पाहून मी वामनवृक्षांच्या मांडवांत शिरलों आणि एका वडापाशीं थबकलों. उंची हातभर, पण पारंब्या जमिनींत उतरलेल्या, बुंधा जुन्या देवळासमोरील वडासारखा. झाडामागें साधारण माझ्याच वयाच्या एक बाई बसल्या होत्या. झाड त्यांचेंच. मी आमच्या मेलेल्या झाडाची हकीकत त्यांस सांगितली.

“झाड घरांत कोठें ठेविलें होतें?” त्यांनीं विचारिलें.

“माजघरांत, देवघराजवळ.”

“तेथें दिवसा दिव्यावांचून पोथी वाचतां येते का?”

“नाहीं.”

“आणि पाणी कोण घालीत असे?”

मी उत्तर देऊं लागलों आणि मध्येंच अडखळलों. स्नान झाल्यावर उरलेलें तांब्यांतील पाणी मी नित्यनेमानें त्या कुंडींत ओतीत असें. वहिनी देवपूजा झाल्यावर तीर्थाचें पाणी घालीत. शाळेंतून आलेला नातू आपली बाटली तेथेंच रिकामी करी. सूनबाई तर घालीतच असतील. “सगळेच,” मी म्हणालों.

बाई हंसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. “आपण वर्णन करितां तें झाड ज्युनिपर असावें. तें थंड मुलखांतलें. त्याला बारा महिने उघड्यावरचें ऊन-वारा लागतो आणि हिंवाळ्यांत विश्रांतीसाठीं खरी थंडी लागते. घरांत तें कोणाच्याच हातून जगत नाहीं. शिवाय तें मेल्यावरही कित्येक आठवडे हिरवें दिसतें. आपण सर्वांनीं बहुधा बराच काळ मेलेल्या झाडास पाणी घातलें. ज्यांनीं झाड आणिलें त्यांचा यांत दोष नाहीं.”

हें शेवटचें वाक्य ऐकून माझ्या छातीवरचें ओझें उतरलें, आणि दुसरें चढलें; कारण दोष कोणाचा होता हें आतां मला कळलें होतें.

मग मी तेथेंच बसून त्यांची एक शिकवणीच घेतली. त्यांच्या सांगण्याचें सार असें. बोन्साय ही झाडाची जात नव्हे, ती झाड वाढविण्याची रीत आहे. जपानी भाषेंत त्या शब्दाचा अर्थ तबकांत किंवा उथळ कुंडींत लावलेलें झाड एवढाच. ही कला मूळ चीनची. तेथील एका राजपुत्राच्या इ. स. ७०६ मधील थडग्याच्या भिंतीवर लहान झाडें व दगड असलेलें तबक घेऊन चाललेले सेवक रंगविलेले आहेत. जपान्यांनीं ती पूर्णत्वास नेली. १९२३ च्या भूकंपानंतर तोक्योंतील कित्येक वामनवृक्षकार शहर सोडून ओमियास गेले व १९२५ सालीं त्यांनीं तेथें आपलें गांवच वसविलें. परंतु जपानांतील पाइन, ज्युनिपर हीं झाडें अंगणांत वाढतात; घरांत तीं पाहुण्यांसाठीं एक-दोन दिवस आणून ठेवितात, एवढेंच. ‘घरांतलें बोन्साय’ हा शब्द दुकानदारांचा. प्रकाशावांचून वाढणारें झाडच नाहीं. कमी प्रकाश सोसणारीं आणि न सोसणारीं, इतकाच काय तो भेद.

सोसणाऱ्यांत पहिला मान आपल्या नांदरुकाचा. रोपवाटिकेंत त्यास फायकस म्हणतात. तो वडाच्याच कुळांतला. खिडकीशीं तग धरतो, चुका पोटांत घालतो, छाटल्यावर पुन्हा फुटतो. दुसरें जेड. हें मूळचें दक्षिण आफ्रिकेचें. मांसल पानांत पाणी सांठवीत असल्यामुळें चार दिवस विसरलें तरी रागावत नाहीं, मात्र त्यास ऊन अधिक हवें आणि पाणी बेतानें. तिसरें शेफ्लेरा, पंजासारख्या पानांचें. उजेड थोडा कमी असला तरी भागतें. चिंच, बोगनवेल, कुंती आणि अडेनियम हीं ओट्यावर किंवा गच्चीवर उन्हांत ठेवण्याचीं. अडेनियमाचा चीक विषारी, म्हणून लहान मुलें असलेल्या घरीं जपावें. कार्मोना नांवाचें चिमुकल्या पांढऱ्या फुलांचें झाड फार मोहक दिसतें, परंतु तें नाजूक प्रकृतीचें असल्यानें नवख्यानें त्याच्या वाटेस जाऊं नये.

मी संस्कृताचा मास्तर. एक शंका मनांत होतीच. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत वृक्षायुर्वेदाचें प्रकरण लिहिलें आहे. दोन झाडांमध्यें वीस हातांचें अंतर उत्तम, सोळांचें मध्यम, बारांचें कनिष्ठ, असें तो सांगतो. मुळें एकमेकांस भिडलीं तर झाडांस पीडा होते व तीं नीट फळत नाहींत, असेंही म्हणतो. मग वितीएवढ्या कुंडींत झाड कोंडणें ही हिंसा नव्हे काय? बाईंनीं शांतपणें उत्तर दिलें, “उपाशी ठेवून झाड लहान राहत नाहीं, तें मरतें. याला खत मिळतें, पाणी मिळतें, दोन-तीन वर्षांनीं ताजी माती मिळते. फक्त मुळें आणि शेंडे वेळच्या वेळीं छाटतात. आपली तुळस वृंदावनांतच असते ना? तिला कोणी कोंडलेली म्हणत नाहीं, कारण तिची रोज कोणी तरी चौकशी करितें.” हें उत्तर शास्त्राच्या कसोटीस कितपत उतरेल हें विद्वानांनीं ठरवावें, माझें समाधान झालें.

दुसऱ्या दिवशीं परततांना वाटेंतील एका रोपवाटिकेंत उतरलों. मी गलाईवाल्यांच्या गांवचा. कस लावल्यावांचून सोनें घेऊं नये हें आमच्याकडे लहान मुलासही कळतें. बाईंनीं सांगितलेल्या कसोट्या मी झाडांस लाविल्या. इतरांस उपयोग व्हावा म्हणून त्या येथें देतों.

पहिली कसोटी बुडाची. बुंध्यापाशीं मुळें चोहोंकडे पसरलेलीं दिसावीं. खोड दोन बोटांनीं हळूच हलवावें. डुगडुगलें तर तें नुकतेंच खणून कोंबलेलें आहे, असें समजून पुढें जावें. दुसरी खोडाची. खालीं जाड, वर निमुळतें होत गेलेलें खोड उत्तम. तार रुतून वळ पडले असतील तर ते सहसा बुजत नाहींत. तिसरी पानांची. पानें उलटून पाहावींत. पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण, तपकिरी खवले दिसले तर ती खवलेकीड. नवे कोंब फुटत असलेलें झाड घ्यावें. चौथी कुंडीची. तळाशीं भोंक हवेंच. वर खडे चिकटविलेले असतील तर मातींत काय आहे हें कळत नाहीं आणि पाणीही नीट मुरत नाहीं; आमच्या निळ्या कुंडीचे खडे पुढें उपसून पाहिले, तों ते डिंकासारख्या पदार्थानें पक्के बसविलेले निघाले. पांचवी कसोटी विक्रेत्याची. झाडाचें नांव विचारावें. ‘बोन्साय’ याखेरीज जो नांव सांगूं शकत नाहीं, त्याच्याकडून तें घेऊं नये. वयाच्या गोष्टी ऐकून पैसे देऊं नयेत. खोडावर जें दिसतें त्याचेच द्यावे. नवख्यानें घडविलेलें महाग झाड घेण्यापेक्षां साधें, निरोगी, जाड खोडाचें रोप घेऊन स्वतः घडवावें. चुकलें तर नुकसान थोडें, आणि साधलें तर आनंद आपला.

मी सहाशें रुपयांना एक नांदरूक आणि अडीचशेंना एक जेड घेतलें, आणि दोन्ही कुंड्या मांडीवर धरून विट्यास आलों.

रात्रीं जेवणें झाल्यावर सर्व मंडळी ओसरीवर बसलीं असतां मी मुद्दाम मोठ्यानें म्हणालों, “वहिनी, तें झाड सूनबाईंच्या हातानें गेलें नाहीं. तें घरांत जगणारें नव्हतेंच. आणि जें थोडें जगलें असतें, तें माझ्या तांब्यानें, तुमच्या तीर्थानें आणि या बाळाच्या बाटलीनें बुडविलें.” क्षणभर कोणीच बोललें नाहीं. मग वहिनी म्हणाल्या, “अग बाई! म्हणजे मीच म्हणायची!” आणि पदर तोंडास लावून हंसूं लागल्या.

सूनबाई मात्र हंसल्या नाहींत. खालीं पाहून म्हणाल्या, “मामंजी, आपण सगळे पाणी घालतां हें मला ठाऊक होतें. माती सारखी ओली असायची. पण आपल्याला सांगावें कसें, म्हणून गप्प बसलें.”

या एका वाक्यानें मला जेवढें वाईट वाटलें, तेवढें त्या झाडाच्या मरणानें वाटलें नव्हतें. एकत्र कुटुंबांत सर्वांचे हात सर्वत्र पोहोंचतात, हा त्याचा गुण. परंतु जिला कळतें तिला बोलण्याची जागा नसली, तर तोच दोष होतो. त्याच रात्रीं नियम ठरला कीं झाडांची जबाबदारी एकट्या सूनबाईंची. इतरांनीं त्यांच्या परवानगीवांचून थेंबही घालूं नये. हा नियम पहिल्यांदां मीच मोडला, आणि “मामंजी, तांब्या!” असा आवाज माजघरांतून आला. त्या आवाजानें मला फार बरें वाटलें.

आतां त्यांच्या पद्धतीविषयीं थोडें. कुंड्या ओसरीच्या पूर्वेकडील खिडकींत असतात. सकाळचें ऊन मिळतें, आणि चैत्र-वैशाखांतील दुपारची झळ लागत नाहीं. पाणी घड्याळ पाहून घालीत नाहींत. बोटाचें पेर मातींत खुपसून पाहतात, नांदरुकाची वरची माती सुकूं लागली तरच घालतात, आणि घातलें तर तळाच्या भोंकांतून वाहीपर्यंत घालतात. खालच्या ताटलींत सांठलेलें पाणी ओतून देतात. जेडची माती पुरती वाळूं देतात. आठवड्यांतून एकदां कुंडी थोडी फिरवितात, म्हणजे झाड एकाच अंगास झुकत नाहीं. नव्या फांदीस सहा-सात पानें आलीं कीं दोन ठेवून बाकीची छाटतात. नांदरुकाचा पांढरा चीक अंगास खाजतो, म्हणून नंतर हात धुतात. माती बदलण्याचें काम मृगाच्या सुमारास. जाड वाळू, विटांचा चुरा आणि कुजलेलें शेणखत असें मिश्रण करितात, कारण नुसती काळी माती पाणी धरून मुळें कुजविते. माती बदलल्यावर झाड पंधरा दिवस सावलींत ठेवावें व त्यास उगीच हात लावूं नये, हें त्यांनीं सांगितलें तेव्हां आमच्या कुटुंबानें शेरा मारला, “हा नियम नव्या सुनांनाही लावला असता तर बरें झालें असतें.” वहिनींनींही मान डोलाविली.

दुसऱ्या वर्षीं सूनबाईंनीं मला परसांत बोलाविलें. पडक्या भिंतीच्या दगडांत पांखरांनीं टाकलेल्या बीजांतून एक वडाचें रोप उगवलें होतें. अशीं रोपें दरवर्षीं येतात. भिंत फोडतील म्हणून मी तीं दरवर्षीं पहारीनें उपटून टाकीत असें. “मामंजी, हें टाकूं नका,” त्या म्हणाल्या. पाऊस पडून दगड भिजल्यावर आम्ही दोघांनीं तासभर खपून तें रोप मुळांसह काढलें. दगडांच्या फटींत दबल्यामुळें मुळें चपटीं व वांकडीं झालीं होतीं. पैसे देऊन दुकानांत मिळाली नसती अशी बैठक त्यास आपोआप लाभली होती. अडीच हजारांचें झाड मेलें, आणि इतकीं वर्षें मी फुकटचें उपटून फेंकीत आलों, हें मनांत येऊन माझें मलाच हंसूं आलें.

वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय वनस्पति-उद्यानांत यामाकी नांवाच्या जपानी कुटुंबाचा एक पाइन आहे. १६२५ पासून तो कुंडींत वाढत आला. १९४५ सालीं हिरोशिमावर बाँब पडला तेव्हां तो तेथेंच, घराच्या भिंतीच्या आडोशास होता आणि वांचला. १९७६ सालीं त्या कुटुंबानें तो अमेरिकेस भेट दिला. तीनशें वर्षांहून अधिक काळ दर दिवशीं कोणी तरी त्याची माती पाहिली असली पाहिजे. बापानें मुलास, सासूनें सुनेस ती रीत सांगितली असली पाहिजे. हें वाचल्यापासून मला वाटतें, कीं अशा झाडास तेरा माणसांच्या घरासारखें दुसरें घर नाहीं. मात्र त्या तेरांत पाणी घालणारा हात एक हवा, आणि इतर बारांनीं त्याचें ऐकावयास हवें.

आमचा भिंतींतला वड अजून वामनवृक्ष झालेला नाहीं. साध्या मातीच्या कुंडींत ओट्यावर तो वाढतो आहे. खोड जाड होण्यास आणखी बरीच वर्षें लागतील, असें सूनबाई म्हणतात. तोंवर मी असेन कीं नाहीं कोण जाणे. गेल्या महिन्यांत त्यांनीं आपल्या दोन वर्षांच्या मुलीचें बोट धरून मातींत खुपसलें आणि विचारिलें, “ओलें कीं कोरडें?” नात माझ्याकडे पाहून म्हणाली, “ओलें!” मी हातांतला तांब्या मुकाट्यानें खालीं ठेविला.